वांझ नर

आमच्या घराच्या भिंती माझ्या थोरल्या जावेच्या. बांधल्या कुणी गवंड्यानं असतील, पण राखल्या तिनं. शेण, पांढरी माती आणि भाताचा कोंडा कालवून ती दर सणाला भिंती सारवायची. ओल्या लेपावर बोटं अशी फिरवायची की नांगरलेल्या शेतासारख्या रेघा उठायच्या. माझं सारवण बघून म्हणायची, "म्हशीनं अंग घासलंय काय गं हितं, धाकटे?" मीही तोंडाळ. म्हणायचे, "म्हशीला निदान कोनी नावं ठेवत न्हाय!" मग दोघी हसायचो, आणि सासूबाई आतून ओरडायच्या, "कामं करा गं सटव्यांनो, दात काय काढताय!"

किहीमच्या अलीकडे, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्यावर आमची वाडी होती. नारळ, सुपारी, थोडी भाजी, आणि आत खाडीच्या अंगाला भाताची शेती. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ, मी आणि माझी दोन मुलं. माझे यजमान मुंबईला गोदीत कामाला. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आणि मधे कधी आले तर आजारी पडूनच यायचे. म्हणजे खऱ्या अर्थानं माझा संसार झाला तो जावेबरोबर. मी सातवी शिकून आलेली, हाताला कामाचं वळण नाही. तिनं मला मासळी निवडण्यापासून भात झोडण्यापर्यंत सगळं शिकवलं, आणि शिकवताना कधी सासूबाईंपुढं माझं हसं होऊ दिलं नाही.

तिला मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मूल नाही म्हणून तिनं काय काय केलं असेल ते विचारू नका. कनकेश्वराच्या पायऱ्या अनवाणी चढली. हरिहरेश्वराला जाऊन भरतीच्या भीतीनं जीव मुठीत धरून, ओलेत्यानं खडकांवरची प्रदक्षिणा घातली. वैदूनं दिलेल्या मुळ्या उगाळून प्यायली, त्यानं पोटात आग पडून निपचित पडली. सोमवार धरले, मीठ सोडलं. आणि भावजींना? भावजींना कुणी साधा काढासुद्धा पाजला नाही. त्यांना कशाला पाजायचा? माडावर सरसर चढणारा माणूस, पाठ ही एवढी रुंद, आजार म्हणून ठाऊक नाही. त्यांच्यात खोट असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्याही नव्हतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

भावजी स्वभावानं वाईट नव्हते. कधी तिच्यावर हात उचलला नाही. बाजाराला गेले तर तिच्यासाठी गजरा आणायचे आणि आईला दिसू नये म्हणून सुपाऱ्यांच्या पोत्यात लपवायचे. पण आईपुढं मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. सासूबाई ऐन तरुणपणी विधवा झाल्या होत्या आणि दोन्ही मुलांना त्यांनी मोलमजुरी करून वाढवलं होतं. त्यामुळं त्या घरात त्या म्हणतील ती पूर्व दिशा.

आणि सासूबाईंचं एकच पालुपद होतं: थोरल्याला दुसरी बायको आणायची. त्यात एक अडचण होती. नव्या कायद्यानं एक बायको असताना दुसरी करता येत नव्हती. पहिली सोडल्याशिवाय दुसरी नाही. म्हणजे बायकांच्या भल्यासाठी केलेला कायदा आमच्या घरात येऊन बाईच्याच मुळावर उठला. आधी कदाचित दोघी एका घरात राहिल्या असत्या, आता एकीला उंबऱ्याबाहेर जाणं भाग होतं. मी एकदा धीर करून म्हणाले, "आई, माझा धाकटा जाऊबाईंच्या ओटीत घाला की. त्यालाबी तीच आवडते." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "उसनं दही इरजायला चालतं, पोर चालत न्हाय."

त्या सुमाराला आमच्याकडं फवारणी सुरू झाली होती.

आधी हिवतापाचं सांगते, नाहीतर आत्ताच्या मुलांना वाटेल, डास चावला तर एवढं काय. भाताची लावणी संपली की घरोघरी माणसं गोधड्यांखाली कुडकुडत पडायची. कापणीला हात मिळायचे नाहीत. लहान पोरांची पोटं पाणथरीनं, म्हणजे प्लीहा वाढून, नगाऱ्यासारखी फुगायची. आमच्या वाडीत तर मच्छरांना रानच मोकळं. विहीर, विहिरीवरचं कुंड, सुपारीच्या मुळांशी पाणी नेणारे पाट, सगळीकडं पाणी साठलेलं. माझा थोरला मुलगा तापानं फणफणला आणि डोळे फिरवायला लागला. जाऊबाईंनी त्याला मांडीवरून खाली ठेवला नाही. कपाळावरच्या पट्ट्या बदलत, त्याला कडू कोयनेल चमच्यानं पाजत बसून राहिली. पोरगं वाचलं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी कुणाशीही भांडायला तयार असायचे.

तर फवारणी. पंपवाले यायचे, घरातलं भांडंकुंडं बाहेर काढायला लावायचे आणि भिंतींवर डीडीटीचं पाणी मारून जायचे. पहिल्या वर्षी लोकांनी कुरकुर केली. पण ढेकूण मेले तसा लोकांना तो देवच वाटायला लागला. मच्छर गेले का राहिले ते कुणी बघितलं नाही, ढेकूण गेले याचाच आनंद. फक्त भिंतींवर पांढरे ओघळ राहायचे. आमच्या जाऊबाईंना ते बघवेनात. त्या साली फवारणी झाली आणि चार दिवसांवर गौरी. तिनं पदर खोचला आणि सगळं घर पुन्हा सारवून काढलं. गौर आली तेव्हा आमच्या भिंती आरशागत.

गणपती पोचवून झाले आणि फवारणीचे साहेब तपासायला आले. साहेब म्हणजे घाटावरचा एक तरुण माणूस, बारीक मिशी, डोक्याला टोपी, सायकल हातात. त्यानं भिंतीवर नख ओढलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही भिंत कोणी सारवली?" 

जाऊबाई दाराआडून म्हणाली, "मी. का? सारवन वाईट झालंय काय?" 

"सारवण उत्तम आहे हो, तेच तर दुखणं आहे! मच्छराची मादी रक्त पिऊन जड होते आणि भिंतीवर बसते. तिथं औषध असलं तर मरते. तुम्ही त्या औषधावर शेणाचं पांघरूण घातलंत. आता ती खुशाल बसेल."

सगळ्या गावानं तेच केलं होतं. गौरीला भिंत सारवायची नाही तर मग करायची कधी? सरकारनं औषध दिलं, आम्ही ते सणासुदीला सारवून टाकलं. साहेब बिचारा घरोघरी डोकं फोडून घेऊन आमच्या पडवीत येऊन टेकला होता. भावजींनी त्याला बसायला पाट दिला, मी कोरा चहा केला. शेजारपाजारचे दोघे-तिघे पुरुष जमले. सासूबाई सुपारी कातरत बसल्या, आणि आम्ही दोघी दाराच्या आत.

कुणीतरी विचारलं, "साहेब, पन मादीच का म्हनता? नर काय उपाशी ऱ्हातो?" 

"नर चावतच नाही," साहेब म्हणाला. "तो फुलांचा, फळांचा रस पितो. रक्त पिते ती मादी." 

झालं! पुरुषांना मोठं सुख झालं. "बघा, तिथंबी बायकाच रक्त पितात!" म्हणून एक जण मांडीवर थाप मारून हसला. मेल्याची बायको पहाटेपासून त्याच्या शेतात राबत होती, आणि हा इथं चहा ढोसत बसलेला.

मग साहेबाला रंग चढला. तो म्हणाला, परदेशात आता औषधाशिवाय दुसरी एक युक्ती काढलीय. गुरांच्या जखमेत अंडी घालणारी एक माशी आहे. तिचे नर माणसं मुद्दाम वाढवतात. त्यांच्यावर कसले तरी किरण सोडून त्यांना वांझ करतात आणि ढिगानं सोडून देतात. माशीची मादी आयुष्यात एकदाच नराकडं जाते. तिला असला वांझ नर भेटला की तिची सगळी अंडी फुकट जातात, आणि हळूहळू ती जातच संपते. पुढं-मागं मच्छरांचंही तसंच करतील, असं शहाणी माणसं म्हणतात.

पडवीत हसू फुटलं. "नर वांझ? काय साहेब, थट्टा करता गरिबाची! वांझ कधी नर असतो व्हय?" सासूबाई म्हणाल्या, "शिव शिव, सांजच्या पारी काय बोलता हे."

आणि माझ्या शेजारून आवाज आला. जाऊबाई दारातून एक पाऊल पुढं आली होती. परक्या पुरुषासमोर ती कधी यायची नाही. तिनं विचारलं, "साहेब, तो नर दिसायला कसा असतो?" 

"इतर नरांसारखाच. धडधाकट. उडतो, खातो-पितो, मादीच्या मागंही जातो." 

"वरून काय कळत न्हाय?" 

"काही कळत नाही." 

"आनि मादीला?" 

"तिला कुठून कळणार, बाई? ती अंडी घालत राहते. उबत नाहीत एवढंच."

भावजी अंगणाकडं बघत होते. साहेबाला बिचाऱ्याला घरातलं काय माहीत! त्याला वाटलं बाईंना शास्त्राची आवड आहे. तो खूश होऊन म्हणाला, "फार चांगला प्रश्न विचारलात." आणि सायकल घेऊन निघून गेला.

मला त्या दिवशी स्वतःचंच नवल वाटलं. आमच्या वाडीत पपईचं झाड वाढून फुललं आणि फळ धरेना, तर आम्ही न विचारता म्हणायचो, हे नर आहे, तोडा. झाडाचं एवढं कळत होतं, आणि माणसाचं कळत नव्हतं! घरात फळ धरलं नाही की एकदम बाईवर बोट. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते काय उगाच!

त्यानंतर जाऊबाई बदलली. रडणं थांबलं, उपास थांबले. ती भावजींच्या मागं लागली, एकदा दवाखान्यात चला, दोघंही चलू, माझंही बघू दे, तुमचंही बघू दे. मला सांगायची, "धाकटे, मी काय त्यांना वाईट म्हनते का? त्यांच्यात खोट निघाली तरी मी काय सोडून जानार हाय? मला नुसतं ह्या घरात ऱ्हाऊ द्या म्हनावं." भावजी "बघू" म्हणायचे. दिवाळीच्या सुमाराला ते नारळ घेऊन मुंबईला गेले, तसे ते अधूनमधून जायचे. आले ते गप्पच होऊन आले. आणि त्यानंतर आईनं दुसऱ्या बायकोचा विषय काढला की पूर्वी जरा तरी नको म्हणून मान हलवायचे, तेही बंद झालं.

सासूबाईंनी आधी देवाला कौल लावला. गुरवानं ग्रामदेवतेच्या मूर्तीला फुलं चिकटवली आणि विचारलं, ह्या बाईच्या नशिबात मूल आहे का? उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. डावीकडचं पडलं. झालं, देवाचा निकाल. पण देवाला विचारलं काय, तर बाईच्या नशिबाचं. पुरुषाचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर देव काय खोटं बोलला असता? अर्धंच विचारलं, अर्धंच सांगितलं. मी हे त्या वेळी मोठ्यानं म्हणाले, तेव्हा सासूबाई माझ्यावर धावून आल्या होत्या.

मग गावकी बसली. आमच्या जातीत नवरा-बायकोला वेगळं करायची रीत अशी, की पंचांसमोर नवऱ्यानं गवताची सुकी काडी मोडायची. काडी मोडली की नातं मोडलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. देवळाच्या अंगणात भर दुपारी सगळे जमले. पुरुष पुढं, आणि आम्ही बायका लांब मागं, जांभ्या दगडाच्या गडग्याशी, कुंपणाला टेकून. बायकांनी गावकीत तोंड उघडायचं नाही, हाही रिवाजच. माझे यजमान मुद्दाम मुंबईहून आले होते. ते भावजींच्या बाजूला उभे होते.

पंचांनी जाऊबाईला पुढं बोलावलं आणि रीत म्हणून विचारलं, तुला काय सांगायचं आहे का? कुणी काही सांगत नसतं. पण ही बोलली. तिचा आवाज मला मागंपर्यंत ऐकू आला. "मला वांझ म्हनून टाकताय, तर आदी त्यांचीबी तपासनी करा. मुंबईला डाक्तर करतात. त्यांच्यात दोष नसला तर मी माझ्या पायानं जाईन. फवारनीवाला साहेब सांगत होता, नरबी वांझ असतो, वरून कळत न्हाय."

मग एक म्हातारे पंच म्हणाले, "बाये, तुझा नवरा काय मच्छर हाय?"

आणि सगळं अंगण हसलं. हसणाऱ्यांत बायकाही होत्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका. हसता काय रे मेल्यांनो, बाई जन्मातून उठतेय आणि तुम्हाला विनोद सुचतोय! तिच्या पाठीवरचा पदर हलला तेवढा मला दिसला. पुढचं माणसांच्या गर्दीत दिसलं नाही. नुसतं कुणीतरी ओरडलं, मोडली, आणि लोक उठायला लागले.

तिचा भाऊ आला होता तिला न्यायला. घरी येऊन तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं. माझ्या धाकट्यानं तिच्या निऱ्या धरून ठेवल्या होत्या, त्या मलाच सोडवाव्या लागल्या. आम्ही दोघी इतकी वर्षं एका चुलीशी बसलो होतो. मी रडत बसले. तीच म्हणाली, "पोरांना पानी उकळून देत जा."

वर्षाच्या आत दुसरी आली. गरिबाघरची, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. मी ठरवलं होतं की तिच्याशी बोलायचं नाही. पण ती आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि विचारलं, भिंत कशी सारवायची ते शिकवाल का. तिच्यावर राग धरून काय करू? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची खोड त्या घराची होती, माझी नव्हती. आणि पहिलीचं? उरणकडच्या एका मिठागरावर काम करणाऱ्या बायको मेलेल्या माणसाशी भावानं तिचा पाट लावून दिला. त्याची आईवेगळी पोरं होती. तिला स्वतःचं मूल तिथंही झालं नाही. तोवर तिचं वयही निघून गेलं होतं. इकडं लोक म्हणायला मोकळे झाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

पण दुसरीलाही काही होईना. एक वर्ष गेलं, दोन गेली, अशी गेली पुष्कळ. पुन्हा नवस, पुन्हा मुळ्या, पुन्हा उपास. तीच गत, माणूस नवं. आणि एक दिवस सासूबाई पुन्हा गुरवाकडं जाऊन आल्या. 

गणपतीची सुट्टी होती, माझे यजमान घरी आले होते. सकाळी विहिरीवर राखुंडीनं दात घासत होते. मी घागर बुडवता बुडवता चिडून म्हणाले, "आना आता तिसरी! गावात पोरी कमी हायत काय?" 

आणि हा माणूस तोंडात बोट असतानाच बोलून गेला, "तिसरी आनून काय व्हनार? दोष दादात हाय. डाक्तरानंच सांगितलं व्हतं."

घागर माझ्या हातातून सुटून विहिरीत गेली. "कंदी सांगितलं?" 

ते चूळ भरत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग सगळं बाहेर आलं. पहिली फार मागं लागली म्हणून भावजी त्या दिवाळीला नारळाच्या निमित्तानं मुंबईला यांच्याकडं गेले होते. दोघे भाऊ मिळून दवाखान्यात गेले. डॉक्टरनं तपासून स्पष्ट सांगितलं, ह्यांना मूल होणं शक्य नाही. भावजींनी भावाला आईच्या गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाले. 

"म्हंजे काडी मोडायच्या आदी," मी म्हणाले. "तुम्ही तिथं बाजूला उभे व्हता." 

ते म्हणाले, "आई मजुरीला जायची, दादानं मला वाढवलं. मी काय करू?" 

मी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. ते मुंबईला परत गेले तेव्हा भाकऱ्या बांधून दिल्या, पण तोंडानं काही म्हणाले नाही. तिनं माझं पोर वाचवलं होतं, आणि माझ्याच नवऱ्यानं तिला उंबऱ्याबाहेर जाताना बघितलं. हे मनातून जात नाही. आता ते नाहीत, तरी जात नाही.

भावजींकडं मात्र मी त्याच दिवशी गेले. ते माडाखाली झावळ्या तोडत होते. मी म्हणाले, "भावजी, मला सगळं कळलंय. हिला घराबाहेर काढायचं नाव काढलंत तर गावकीत मी बोलीन. मग मला काय करायचं ते करा." त्यांनी कोयता खाली ठेवला. संध्याकाळी त्यांनी जन्मात पहिल्यांदा आईला सांगितलं, आता मूल नको आणि कौलही नको. दुसरी वाचली. शेवटपर्यंत त्या घरात राहिली. एका वाक्यानं काम झालं, आणि तेच वाक्य काही वर्षं आधी कुणी म्हटलं असतं तर पहिलीही राहिली असती. 

हे पहिलीला सांगायलाच पाहिजे असं मी मनात घेतलं. तिच्यावरचा डाग धुतला जाईल, निदान तिच्या मनाशी तरी. रेवसला जाऊन तरीनं, म्हणजे होडीनं, खाडी ओलांडून करंजाला उतरले आणि पुढं चालत मिठागरापर्यंत गेले. तशी मी अधूनमधून तिला भेटून यायचे, पण त्या दिवशी पायांना पंख फुटले होते. वाटेत काय बोलायचं ते सारखं घोळवत होते.

ती झोपडीच्या सावलीत जवळा निवडत बसली होती. केस पांढरे झालेले, तळपायांना मिठाच्या भेगा. त्या माणसाची मुलगी तिला आई म्हणून हाक मारत होती, ते ऐकून मला बरं वाटलं. मीही सूप पुढं ओढून जवळा निवडायला लागले आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टर, शपथ. म्हणाले, "तुमच्यात काय खोट नव्हती, जाऊबाई."

ती म्हणाली, "ते मला त्या साहेबानं सांगितलं तवाच कळलं व्हतं. त्याच्यासाठी एवढी खाडी ओलांडून आलीस व्हय?" आणि हसली. मग हात थांबले. "कंदी तपासलं म्हनालीस?" 

"त्या दिवाळीला." 

"म्हंजे गावकीच्या आदी." 

"व्हय."

ती सुपातल्या जवळ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, रडेल, काहीतरी करेल. मी तयारच होते तिच्याबरोबर शिव्या द्यायला. 

"तू मागं व्हतीस, तुला दिसलं नसंल," ती म्हणाली. "त्यांच्याच्यानं ती काडी मोडंना. सुकी काडी, पोरगंबी मोडंल. हातातनं निसटली, पुन्हा उचलली. हात असा लटलट कापत व्हता. मी समोर उभी व्हते ना. मला वाटलं, मला टाकताना मानसाचा जीव तुटतोय. सासू वाईट, गावकी वाईट, पन मानूस वाईट नव्हता, असं म्हनत मी हितं इतकी वरसं काढली, धाकटे."

मी म्हणाले, "तसंबी असंल. जीवबी तुटत असंल." 

"असंल," ती म्हणाली. "आता काय कळनार."

मी तिला मोकळं करायला गेले होते, आणि त्या घरातून तिनं बरोबर नेलेली एकच चांगली वस्तू तिच्या हातातून काढून घेऊन बसले होते. न सांगावं तर ती खोट्यावर जगली असती, आणि सांगून मी काय मिळवलं?

तिनं मला जेवायला वाढलं. जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी. मी कशीबशी जेवले. एरवी मी निघाले की ती बोलत बोलत धक्क्यापर्यंत यायची आणि तर सुटेपर्यंत उभी राहायची. त्या दिवशी उन्हाकडं बघून म्हणाली, "जा तू. मीठ ओढायचं पडलंय." आणि फावडं घेऊन पाठमोरी झाली.